टीपीत घेतलेल्या पैशांचा हिशेब त्याच प्लॉटवर लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बडोद्याच्या चारी बाजूंना टीपी, म्हणजे टाउन प्लॅनिंग (नगररचना) योजना पडताहेत. त्यांत ज्यांची जमीन गेली, त्यांच्यातला एक म्हणून हे पत्र लिहितो आहे.

वडिलांनी शहराबाहेर घेतलेला तुकडा टीपीत आला आणि ओरिजिनल प्लॉटचा (मूळ तुकड्याचा) फायनल प्लॉट (योजनेनंतर परत मिळणारा) होताना जवळजवळ चाळीस टक्के जमीन कापली गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आधी तिथे बैलगाडीची वाटही नव्हती, आता प्लॉट चौकोनी आहे, रस्त्याला लागून आहे. 1976 च्या गुजरात नगररचना कायद्याची ही पद्धत मला न्याय्यच वाटते. एकाचीच जमीन पूर्ण न घेता सगळ्यांकडून थोडी थोडी घ्यायची: साधारण 15 टक्के रस्त्यांना, 5 टक्के बागा-मैदानांना, 5 टक्के शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींना, 15 टक्के प्राधिकरणाला विक्रीसाठी. त्या विक्रीचा पैसा पायाभूत सोयींवरच खर्चायचा, असं कायदाच सांगतो. शिवाय जमिनीची जी किंमत वाढते, तिच्या निम्म्यापर्यंत रक्कम बेटरमेंट म्हणून आम्हीच भरतो. बिल्डर जादा एफएसआय (प्लॉटच्या मानानं जास्त बांधकामाची परवानगी) घेतो तेव्हा तोही जंत्रीच्या (जमिनीच्या सरकारी दराच्या) हिशेबानं पैसे मोजतो, आणि ते शेवटी फ्लॅट घेणाऱ्याच्याच खिशातून जातात.

म्हणजे घेताना सगळं चोख. योजनेचा हिशेबतक्ता, म्हणजे फॉर्म एफ काढून बघा: कुणाचा प्लॉट किती, भरपाई किती, वसुली किती, सगळं एका ओळीत, रुपयांपर्यंत.

आता आमच्या घरासमोरची बागेसाठी ठेवलेली जागा सांगतो. आम्ही राहायला आलो तेव्हापासून तिथे वेडी बाभूळ माजली आहे. रात्री ट्रॅक्टर येऊन बांधकामाचा राडारोडा टाकून जातात, त्या ढिगाऱ्यांवर दुधाच्या पिशव्या अडकलेल्या असतात. पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळतात, गाडी आली की स्टंप म्हणून ठेवलेली वीट उचलून बाजूला होतात. मी कचेरीत जाऊन विचारलं, आमच्या टीपीतून किती जमा झालं, कुठे गेलं? तीन टेबलं फिरलो. उत्तर मिळालं नाही.

बागेचं एक वेळ राहू द्या. पण पावसाळी गटारं आणि कांस (पावसाचं पाणी वाहून नेणारे नाले) यांना उशीर चालत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं, ते बडोदेकर विसरलेले नाहीत. पूर्वी पाणी जिरवणारी शेतं होती तिथे आज पार्किंगचं काँक्रीट आहे. बेटरमेंटचा आणि एफएसआयचा पहिला रुपया पाण्याच्या वाटेवर खर्च व्हावा, रस्त्याचे दुभाजक आणि रोषणाई नंतर बघता येतील, असं माझं स्पष्ट मत आहे.

मागणी एवढीच: प्रत्येक टीपीचं खातं वेगळं ठेवा. किती वसूल झालं, 15 टक्के जमिनीपैकी काय विकलं, कितीला, आणि त्या योजनेत काय बांधलं, हे दरवर्षी 31 मार्चनंतर जाहीर करा. राखीव ठेवलेल्या प्रत्येक प्लॉटवर गुजरातीत फलक लावा: जागा कशासाठी, मंजुरी कोणत्या साली, काम कधी सुरू होणार. आमच्याकडून वसुली करताना जशी ओळ लिहिलीत तशीच खर्चाचीही लिहा, आम्ही रोज येता-जाता वाचू.

आपला,
एक वाचक, बडोदे