उजेड नक्की कुणाचा?

प्रिय संज्या,

पत्र मिळालं. तुमची ती चमकणारी कार्बनची पूड माझ्या दुकानातल्या बल्बांना चालेल का, असं विचारलंस. चालेलही, पण आज नाही.

ती पूड म्हणजे आमचे कार्बन डॉट, कार्बनचे काही नॅनोमीटरचे कण. ते करणं सोपं. सायट्रिक ॲसिड आणि इथिलीनडायअमाइन पाण्यात विरघळवायचं आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात, २०० अंशांवर पाच तास ठेवायचं. तपकिरी पाणी निघतं, यूव्ही दिव्याखाली धरलं की निळंशार. जिलिन विद्यापीठाच्या गटाने २०१३ साली याच मार्गाने सुमारे ८० टक्के क्वांटम यील्ड गाठलं. शोषलेल्या १०० फोटॉनांतले ८० उजेड होऊन परत! रंग बदलायचा तर कच्चा माल बदल. फेनिलीनडायअमाइनचे ऑर्थो, मेटा, पॅरा हे सख्खे भाऊ. अणू तेच, फक्त अमिनो गटांच्या जागा वेगळ्या. ऑर्थोपासून हिरवा, मेटापासून निळा, पॅरापासून लाल. (संत्र्याच्या रसापासूनही डॉट करतात. मला ते पटत नाही. दर खेपेला रस वेगळा, मग रंग हाताशी राहणार कसा?)

खरी मेख पुढे आहे. ते निळं पाणी डायलिसिसच्या पिशवीत (हिची छिद्रं कण अडवतात, छोटे रेणू सोडतात) भरून साध्या पाण्यात ठेवलं की पिशवीबाहेरचं पाणीही झगझगायला लागतं. म्हणजे उजेडाचा मोठा वाटा कणांचा नाहीच. याच अभिक्रियेत एक छोटा, लख्ख चमकणारा रेणू तयार होतो आणि तो पिशवीच्या छिद्रांतून बाहेर येतो. अनेक शोधनिबंधांत कणाच्या आकाराने रंग बदलला म्हणून लिहिलंय, पण शुद्धीकरण जेमतेम केलेलं असतं. मी तरी अशा आलेखांवर आता भरवसा ठेवत नाही. हा प्रश्न तुझ्या बल्बाशीही निगडित आहे, कारण तो सुटा रेणू प्रखर उजेडात लवकर फिका पडतो. कार्बनच्या गाभ्याला चिकटलेला जास्त टिकतो.

दुसरी अडचण म्हणजे वाळवले की डॉट विझतात. कण एकमेकांना भिडले की ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि उष्णता होऊन संपते. म्हणून त्यांना पीव्हीए नावाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ फिल्ममध्ये विरळ पसरवावं लागतं. इतर काही चमकत्या कणांत असतं तसं कॅडमियमचं विष यांत नाही, दुर्मिळ धातू नकोत, हे सगळं खरं. पण उबदार पांढऱ्या उजेडाला लागणारा तांबडा रंग अजून निळ्याइतका तेज सहज मिळत नाही.

तुला एक काम देतो. पार्सलने फिल्मचे दोन तुकडे पाठवतोय. एक दुकानाच्या उन्हाच्या काचेला लाव, दुसरा गल्ल्यात अंधारात ठेव. महिन्याने नोटा तपासायच्या दिव्याखाली दोन्ही शेजारी धरून फोटो पाठव. गिऱ्हाइकांनी विचारलं तर विकायचे नाहीत म्हणून सांग.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या