मंत्रिमहोदय, गाडी आल्यानंतरची दहा मिनिटे विचारा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

१०८ ची गाडी किती मिनिटांत आली, एवढेच सगळे विचारतात. आमची विनंती आहे की आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. गाडी अपघाताच्या जागी किती वेळ थांबली? आणि निघताना रुग्णालयाला फोन गेला का?

नागपुरात महामार्ग ४४ आणि ५३ एकमेकांना छेदतात, समृद्धीही इथूनच सुरू होतो. जखमी वाहनात अडकलेला नसेल, तर जागेवर दहा मिनिटांहून जास्त थांबायला सहसा कारण नसते. त्या दहा मिनिटांचा क्रमही ठरलेला आहे: जागा सुरक्षित आहे ना ते पाहायचे, मग भळाभळा वाहणारे रक्त, मग श्वासमार्ग, श्वास, नाडी, शुद्ध. रक्त आधी, कारण मांडीची धमनी तुटलेला माणूस काही मिनिटांत दगावतो आणि तेवढी मिनिटे सलाईनसाठी शीर शोधण्यातच जातात.

हातापायाच्या जखमेवर आधी थेट दाब. तरी थांबत नसेल, तर टूर्निके, म्हणजे दांडीने पिळून आवळायचा रुंद पट्टा, जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांध्यावर नव्हे, आणि रक्त थांबेपर्यंत दांडी पिळायची. बांधल्याची वेळ लिहायची. टूर्निके हाताशी नसले की रबरी नळी किंवा ओढणीची वळकटी बांधली जाते. अशा अरुंद, सैल बांधणीत शिरा दबतात, धमनी मात्र वाहत राहते, आणि रक्तस्राव उलट वाढतो. प्रत्येक गाडीत दोन खरी टूर्निके, आणि सरावासाठी एक वेगळे, एवढीच ही मागणी आहे. सरावाचे वापरून वापरून झिजते. ते जखमीच्या पायावर तुटू नये.

मोठा रक्तस्राव असेल तर ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हे रक्तस्राव कमी करणारे औषध १ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या दोन अँप्युल, शिरेतून दहा मिनिटांत. दुखापतीपासून तीन तासांच्या आत. त्यानंतर ते अपाय करू शकते. रक्तदाब पडला की दोन बाटल्या भराभर सोडायच्या, ही जुनी सवय मात्र मोडायला हवी. सलाईनने रक्त पातळ आणि गार होते, गुठळी धरत नाही. २५० मिलि द्या, मनगटाची नाडी लागते का पाहा, मग पुढचे. डोक्याला मार असेल तर हा हात आखडता घेऊन चालत नाही: तिथे वरचा रक्तदाब ११० च्या खाली जाऊ द्यायचा नाही. आणि हो, मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या नागपुरातही रक्त गेलेला माणूस गार पडतो. ओले कपडे काढा, ब्लँकेट टाका, गाडीचा एसी बंद करा; घाम आपल्याला येऊ द्या.

ऑक्सिजनचा हिशेब सोपा आहे, म्हणूनच राहून जातो. बी टाईप सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर मावतो. रिझर्व्हॉयर मास्कला (पिशवी जोडलेल्या मास्कला) मिनिटाला १५ लिटर लागतात, म्हणजे भरलेला सिलिंडर १०० मिनिटे आणि अर्धा ५०. पाळी बदलताना काटा पाहून सही झालीच पाहिजे.

आता फोन. १०८ आपल्या विभागाची. मेडिकल आणि मेयो ही नागपुरातली दोन सरकारी रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. मिहानमधले एम्स केंद्राचे. गाडीतून निघालेला फोन कोणत्या टेबलावर वाजायचा, हे त्यामुळे एका आदेशाने ठरत नाही. तिन्ही कॅज्युअल्टींत २४ तास एक मोबाइल आणि प्रत्येक पाळीत तो उचलणारी ठरलेली व्यक्ती, एवढे तिघांनी मिळून करावे. बोलायचे अर्ध्या मिनिटात: मार कसा बसला, कुठे लागले, नाडी-रक्तदाब-शुद्ध किती, काय दिले, किती मिनिटांत पोहोचतो. टूर्निके असेल तर त्याची वेळही. तेवढ्यावर सर्जन खाली येऊ शकतो, गट न तपासता देता येणारे ओ निगेटिव्ह रक्त निघू शकते, सीटीचे टेबल मोकळे ठेवता येते. फोन नसेल, तर हे सारे स्ट्रेचर दारात आल्यावर सुरू होते.

जागेवर थांबलेली मिनिटे आणि आधी गेलेला फोन, हे दोन रकाने जिल्ह्याच्या पुढच्या आढाव्यात गाडीनिहाय मागवावेत.

आपले,
आपत्कालीन सेवेतील डॉक्टर व तंत्रज्ञ, नागपूर