तक्ते नंतर लाव

सातारा

प्रिय वसू,

पत्र मिळालं. अपंग मुलांच्या तुझ्या केंद्राला जागा मिळाली, रॅम्प झाला, मुलांची नावनोंदणीही सुरू झाली हे वाचून फार बरं वाटलं. 'गुड टच, बॅड टच'चे तक्ते कुठे मिळतील असं विचारलंयस. मिळतील गं, पण त्यांची घाई करू नकोस. ज्या पोराला दिवसभर कुणीही न विचारता उचलतं, बसवतं, भरवतं, चड्डी बदलतं, त्याला भिंतीवरच्या 'नाही म्हणा'चा काय उपयोग? त्याचं रोजचं साधं 'नको' तुमच्याकडे चालतं का, ते आधी बघ.

आमच्याकडे एक मुलगी आहे, बोलत नाही. गळ्यात चित्रकार्डांची वही. पाणी, खाऊ, शू, झोका, आई. मागायची सगळी सोय, नाकारायची काहीच नाही! मग 'नको', 'थांब', 'दुखतंय', 'यांच्याकडे नको' अशी कार्डं घातली. शरीराच्या अवयवांचीही, अगदी शूच्या जागेचंसुद्धा. (तिची आई आधी लाजली, मग तिनंच एक चित्र नीट कळत नाही म्हणून बदलायला लावलं.) झालं, बाईसाहेबांचा उपम्याला नको, टोपीला नको, प्रार्थनेलाही नको. मावशी वैतागल्या, "ताई, लाडावून ठेवलंय हिला." पण आम्ही चालू दिलं. एकदा कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी पट्टी, बांधताना तिनं 'थांब'वर बोट ठेवलं ते उचलेचना. फिजिओचे सर थांबले, पट्टा सोडून पाहिलं तर घोट्याजवळ कातडी सोलवटून लालभडक झालेली. एरवी ती रडली असती आणि कुणीतरी म्हटलं असतं, नाटकं करते.

औषध नको म्हटलं तरी द्यावं लागतं, हे खरंच. तेव्हा निदान आधी सांगावं, पाण्याबरोबर की मधातून ते तिला ठरवू द्यावं. गुपचूप नाक दाबून पाजू नये.

आणखी एक. 'काही झालं तर ताईंना सांग' एवढ्यावर भागवू नकोस. त्रास ताईंचाच असला तर? प्रत्येक मुलाची निदान दोन-तीन माणसं हवीत, त्यातलं एक केंद्राबाहेरचं. आमच्याकडे मुलं सगळ्यात जास्त सांगतात ती स्वयंपाकाच्या काकूंना, म्हणून प्रशिक्षणाला त्यांनाही बसवतो. एखादं मूल अचानक गाडीत चढेनासं झालं, अंथरूण ओलं करायला लागलं, की 'ऑटिझममुळे असेल' म्हणून मोकळं होऊ नये. तेच त्याचं सांगणं असू शकतं.

पालकही बोलत नाहीत गं. तक्रार केली तर केंद्रातून पोराचं नाव कमी करतील, मग पोराला न्यायचं कुठं, ही धास्ती. तक्रारीमुळे प्रवेश जाणार नाही, हे प्रवेशाच्या दिवशीच लेखी देऊन टाक.

कायद्याचं विश्वस्तांना स्पष्ट सांग, कारण 'संस्थेचं नाव खराब होईल, आपसात मिटवू' हे तुला ऐकावं लागेलच. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या कायद्यानुसार अशा अत्याचाराचा नुसता संशय आला तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षा आहे, आणि हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबणाऱ्या संस्थाप्रमुखाला तर एक वर्षापर्यंत कैद. आधी आपण चौकशी करून खातरजमा करू, हे काम आपलं नाही. मुलाला पुन्हा पुन्हा तेच विचारत बसू नये. जबाब पोलिसांनी मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा असतो, गणवेश न घालता. मुलाला अपंगत्व असेल तर त्याची भाषा समजणारा माणूस किंवा विशेष शिक्षक मदतीला घेता येतो. तेव्हा ती कार्डांची वहीच कामाला येते. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा, म्हणजे मुलांच्या मदतीचा नंबर मात्र भिंतीवर आजच लाव, मुलांच्या खुर्चीच्या उंचीला.

गाडीचं काय ठरवलंस ते पत्रात नाही. ड्रायव्हरबरोबर एकटं मूल कधीच नको. शेवटच्या थांब्यापर्यंत मदतनीस हवीच, पगार परवडत नसेल तर एखाद्या आईला मानधन दे. ते ठरलं की कळव, मी कार्डांचे नमुने घेऊन येते.

तुझी,
सुमा