शनिवारी रात्री साडेअकराला जागा असतो तो यासाठी

बाय,

परवा फोनवर तू हसलीस ते काही मला लागलं नाही, पण उत्तर द्यायचं राहून गेलं म्हणून हे लिहितोय, आणि व्हॉट्सॲपवर एवढं टाकलं तर तू नुसता अंगठा पाठवशील म्हणून मेल. "बाबा, तू आणि ऑपेरा? तू तर नाट्यगीतवाला!" असं म्हणालीस. बरं. मग दीड वर्ष म्युनिकमध्ये राहून तू एकदाही ऑपेरा ऐकला नाहीस, आणि मी गोव्यात म्हार्दोळला पडवीत बसून तुझ्याच गावचं थिएटर ऐकतो, यात हसायचं कोणी ते तूच ठरव.

हे खूळ मडगावचं. १९८३ साली बँकेत लागलो तेव्हा तिथे एका जुन्या घरात खोली घेतली होती. घरमालक व्हायोलिनवाले, लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फा, म्हणजे तिकडचं सारेगम, शिकलेले, मग मुंबईत पिक्चरच्या ऑर्केस्ट्रात वाजवून रिटायर होऊन परत आलेले. सगळे त्यांना पात्रांव, म्हणजे मालक, म्हणायचे, मीही. त्यांच्या हॉलमध्ये एक जुना व्हॉल्वचा रेडिओ होता, बटण फिरवलं की मिनिटभर काहीच नाही, मग आत पिवळा उजेड हळूहळू वर यायचा आणि आधी खरखर, मग कुठूनतरी माणसाचा आवाज. एरियलची तार खिडकीतून बाहेर काढून माडाला बांधलेली, त्यामुळे वारा सुटला की संगीतही हलायचं. शॉर्टवेव्हवर कधी लंडन, कधी लिस्बन. पहिले काही आठवडे मी नुसतं सौजन्य म्हणून बसायचो, म्हातारे एकटे म्हणून, आणि खरं सांगायचं तर तिथे चहाबरोबर काहीतरी खायला मिळायचं म्हणूनही.

एके रात्री असाच कुठलातरी ऑपेरा लागला होता आणि मधेच स्टेशन बुडालं. नुसती शिट्टी आणि खरखर. मी उठून बटण फिरवायला गेलो तर पात्रांवनी डोळे न उघडता हातानंच थांब म्हणून सांगितलं, आणि दुसरा हात हवेत, व्हायोलिनचा गज धरल्यासारखा, चालूच. वीस-पंचवीस सेकंद तरी गेले असतील. मग आवाज परत वर आला आणि बाय, त्यांचा हात आणि तिथला ऑर्केस्ट्रा एकाच जागी येऊन उतरले, अगदी समेवर आल्यासारखे. मी म्हटलं, अरे, हे तर आपलंच आहे. तबलजी गप्प असला तरी ज्याच्या डोक्यात ठेका चालू असतो ना, तो माणूस. त्या रात्रीपासून मी चहासाठी नाही, ऐकायला जायला लागलो.

तसं रेडिओचं वेड घरातलंच. आजोबांचा शनिवार तुला माहीत नाही, तू तेव्हा नव्हतीस. रात्री साडेनऊला आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, १९५२ पासून चालू असलेला, तो लागला की आमच्या घरात कोणी ताट वाजवायचं नाही. आजोबा स्वतः पेटीवाले, उत्सवातल्या नाटकांना साथ करणारे, आणि गंमत म्हणजे त्याच रेडिओवर पेटीला बंदी! १९४० पासून १९७१ पर्यंत. कारण काय, तर पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, दोन सुरांमधल्या बारीक श्रुती धरता येत नाहीत. आजोबा म्हणायचे, "बरोबरच आहे त्यांचं, पण मग गवयाला घरी रियाजाला पेटी का लागते?" आणि स्वतःच हसायचे. आता वाटतं कारण अगदीच खोटं नव्हतं, पण एकतीस वर्षं म्हणजे जरा जास्तच झालं.

आणि आकाशवाणीची ती सकाळची सिग्नेचर ट्यून, तंबोऱ्यावर व्हायोलिनची, जी ऐकली की मला अजून शाळेला उशीर झाल्यासारखं वाटतं, ती कोणी केली माहीत आहे? वॉल्टर काउफमन. बोहेमियात जन्मलेला ज्यू माणूस, हिटलरच्या काळात युरोप सोडून १९३४ ला मुंबईला आला आणि पुढे मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीत सांभाळत होता. तिकडचा माणूस इकडे येऊन शिवरंजनी रागाच्या वळणाची ट्यून करून गेला आणि आपण ती आपली म्हणून इतकी वर्षं ऐकली. तेव्हा नाट्यगीतवाल्यानं ऑपेरा ऐकायचा नाही हा कायदा तू कुठून आणलास?

आता कामाचं. काय ऐकायचं ते.

पहिलं म्हणजे शनिवारचं मेट्रोपॉलिटन, न्यूयॉर्कचं ऑपेराचं थिएटर. तिथल्या दुपारच्या एकच्या खेळाचं थेट प्रक्षेपण, डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत. इथे रात्रीचे साडेअकरा, तुझ्याकडे संध्याकाळचे सात, म्हणजे तुला जागायचीही गरज नाही. (मार्चमध्ये अमेरिकेची घड्याळं तुमच्या आधी पुढे जातात, तेव्हा दोन-तीन आठवडे तुला सहाला बसावं लागेल, मी एकदा यात फसून अख्खा पहिला अंक घालवलाय.) १९३१ च्या नाताळच्या दिवशी सुरू झालं हे, पहिला खेळ 'हेन्सेल आणि ग्रेटेल'. मंदीचे दिवस, थिएटरकडे पैसा नाही, रेडिओ कंपनीनं पैसे दिले म्हणून माईक आत आला. नंतर टेक्साको या तेल कंपनीनं १९४० ते २००४ सलग पैसा दिला, आणि मिल्टन क्रॉस नावाच्या एकाच माणसानं १९७५ मध्ये जाईपर्यंत निवेदन केलं. विचार कर, त्रेचाळीस वर्षं दर सीझनला तोच आवाज सांगतोय की आता पडदा वर जातोय, नायिकेनं निळा झगा घातलाय. रेडिओवर ते सांगावंच लागतं ना. मी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूक्यूएक्सआर स्टेशनवर लावतो, युरोपातली बरीच सरकारी स्टेशनंही घेतात. मध्यंतरात प्रश्नमंजूषा असते, ती तर ऐकच, तज्ज्ञ लोक चुकतात तेव्हा फार बरं वाटतं.

सगळ्यात आवडता क्षण मात्र गाणं सुरू व्हायच्या आधीचा. निवेदक गोष्ट सांगून थांबतो, मग लोकांची कुजबूज, कोणीतरी खोकतं, आणि त्यातून ओबो नावाचं फुंकायचं वाद्य एक सूर देतं, नुसता एक, लांब, आणि बाकीचे सगळे त्याला मिळवून घेतात. अगदी तंबोरे लावतात तसं. आपल्याकडे जायांच्या, म्हणजे जाईच्या फुलांच्या, पूजेला देवळात गवई तंबोरे लावत बसले की लोक म्हणतात "सुरू कधी करणार", आणि मला वाटतं अरे हेच तर ऐका. रेकॉर्डिंगमध्ये ते कापून टाकतात.

दुसरं ला स्काला, मिलानचं थिएटर. दर वर्षी ७ डिसेंबरला, त्यांच्या संत आंब्रोजच्या दिवशी सीझन उघडतो, इटलीच्या राय रेडिओ ३ वर लाईव्ह, तुझ्याकडे संध्याकाळी सहाला. भाषा कळत नाही, निवेदन फाडफाड इटालियन, पण तिथला वरचा स्वस्त गॅलरीवाला प्रेक्षक म्हणजे आपल्या जत्रेच्या नाटकाचा पिटातला प्रेक्षक. आवडलं तर छप्पर उडवतील, नाही आवडलं तर सरळ बूऽऽ. २००६ मध्ये 'आयडा'च्या खेळाला मुख्य गायकाची अशी हुर्यो उडवली की तो चालू खेळातून निघून गेला आणि बदली गायकाला घरच्या कपड्यात स्टेजवर ढकलावं लागलं! आपल्याकडे निदान पुढचा पडदा टाकून लाईट गेली म्हणून सांगतात.

बायरॉइटचं, म्हणजे वाग्नर या संगीतकाराच्या ऑपेरांच्या महोत्सवाचं, तुला सांगायची लाज वाटायला पाहिजे, तुझ्याच राज्यात आहे. २५ जुलैला सुरू, तुमच्या बव्हेरियन रेडिओच्या बीआर-क्लासिकवर. दुपारी चारला लागतं म्हणजे इथे साडेसात, आणि दोन मध्यंतरं एकेक तासाची, त्यामुळे पहिल्या अंकानंतर पेज जेवून, भांडी आवरून परत बसता येतं. पण वाग्नर पहिला ऐकू नकोस. खरंच नको. मी गेल्या वर्षी तिसऱ्या अंकात झोपलो, जाग आली तर तोच माणूस अजून मरत होता. त्यात जुलैतला पाऊस, लाईट दोनदा गेली, राउटर बंद, मोबाईलच्या डेटावर ऐकलं, आणि सकाळी आईनं विचारलं रात्री एक वाजता कोण ओरडत होतं. आईला सगळ्या सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाच्या गायिका, ओरडतातच असं वाटतं, "ही रडते का भांडते ते तरी सांग" म्हणते. एकदा मी म्हटलं, दोन्ही, तर ती थांबून पाच मिनिटं ऐकत राहिली.

तू पुचिनी या इटालियन संगीतकारापासून सुरू कर. 'ला बोएम'. चार छोटे अंक, भाडं द्यायला पैसे नसलेली पोरं, थंडीत कुडकुडणारी, तुला तुझं पहिलं वर्ष आठवेल. आधी गोष्ट वाचायची, गाण्याचे शब्द भाषांतरासकट समोर ठेवायचे, पहिल्यांदा फक्त एकच अंक ऐकला तरी चालतो. आपण संगीत नाटकाला जाताना काय, गोष्ट सगळ्यांना पाठच असायची, लोक पदासाठी बसायचे. इथेही तेच.

छोट्या छोट्या दोन गोष्टी, सणाच्या. २४ डिसेंबरला केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची कॅरल सर्व्हिस, म्हणजे नाताळच्या गाण्यांची प्रार्थना, १९२८ पासून रेडिओवर येते, आपल्याकडे रात्री साडेआठला. पहिलं कॅरल एक मुलगा एकटा, कशाचीही साथ नसताना सुरू करतो, आणि कुठला मुलगा ते अगदी त्या क्षणापर्यंत मुलांना सांगत नाहीत. शेजारून नेवऱ्या-दोदोलचं ताट साधारण त्याच सुमाराला येतं. आणि १ जानेवारीला व्हिएन्नाचं न्यू इयर कॉन्सर्ट, तुमचं सव्वाअकरा, आमचं पावणेचार, दुपारच्या झोपेतून उठून चहा घेता घेता. शेवटच्या 'मार्च'ला, म्हणजे कवायतीच्या चालीच्या धुनेला, सगळं सभागृह टाळ्यांनी ठेका धरतं, कंडक्टर लोकांकडे वळून हातानं आवाज कमी-जास्त करतो. मी डब्याच्या झाकणावर धरतो.

हां, आणि आपलं विसरू नकोस. न्यूज ऑन एअर ॲप टाक, त्यात आकाशवाणीचं रागम आहे, २०१६ च्या २६ जानेवारीपासून चोवीस तास शास्त्रीय, हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही. स्वयंपाक करताना लाव. विविध भारतीवरचं सकाळचं 'संगीत सरिता' तुझ्या वेळेला पहाटे येणार, ते तुला जमायचं नाही, तुझी सकाळ मला माहीत आहे.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली होती. १९७७ मध्ये नासानं व्हॉयेजर यानं पाठवली ना, त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली रेकॉर्ड आहे, त्यात केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटं. केसरबाई केरीच्या, इथून स्कूटरवर अर्धा तासही लागत नाही. हे तुला शाळेत सांगितलंच असेल. पण त्याच रेकॉर्डवर मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मधलं राणीचं गाणं आहे, रात्रीची राणी, म्हणजे आपली रातराणी, आणि ते गायलंय एडा मोझरनं, साथीला म्युनिकचा बव्हेरियन स्टेट ऑपेरा. तुझा! माक्स-योसेफ चौकातलं ते खांबांचं मोठं घर, ज्याच्या पायऱ्यांवर बसून तू आईस्क्रीम खातानाचा फोटो पाठवला होतास. केरीची बाई आणि तुझ्या चौकातला ऑर्केस्ट्रा एकाच तबकडीवर बसून सूर्यमालेच्या बाहेर चाललेत, आणि तू विचारतेस बाबाचा काय संबंध.

तिथे उभं राहून बघायची स्वस्त तिकिटं असतात. एक काढ. पाय दुखतील, दुखू देत, आम्ही काल्याला रात्र रात्र उभे असायचो.

तोपर्यंत येत्या शनिवारी सात वाजता डब्ल्यूक्यूएक्सआर लाव, हेडफोन घालून, तुझ्या त्या खालच्या घरमालकिणीला त्रास नको. अंक चालू असताना फोन करू नकोस, मध्यंतर झालं की कर. इथे तेव्हा साडेबारा-एक होईल, आई झोपलेली असणार, म्हणून आधी मेसेज टाक, मी फोन घेऊन मागच्या अंगणात विहिरीकडे जातो.

बाबा

ता.क. कोकमं संपली का? तिकडे येणाऱ्या कोणाबरोबर पाठवतो, पण किती ते आईला सांग, मला नको.