‘डॉक्टर हू’ टिकली ती १९६६ मुळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या ‘डॉक्टर हू’वरील लेखात १९६३ आणि २००५ या दोन वर्षांवर भर होता. १९६३ मध्ये बीबीसीची ही विज्ञानकथांची मालिका सुरू झाली, आणि १९८९ मध्ये बंद पडल्यानंतर २००५ मध्ये ती नव्याने उभी राहिली. दोन्ही बरोबर. पण १९६६ चा उल्लेख ‘त्या वर्षी नायक बदलला’ एवढ्यावरच उरकला आहे. येत्या २९ ऑक्टोबरला त्या बदलाला ६० वर्षे होतील, म्हणून हे सविस्तर पत्र.

नट बदलणे आपल्याला नवीन नाही. नाटकात रिप्लेसमेंट होते, मालिकेत खाली पट्टी येते, आणि नवा नट आधीच्याच्या लकबी उचलून प्रेक्षकाला फरक जाणवू नये एवढे पाहतो. १९६६ मध्ये बीबीसीने नेमके उलट केले. फरक लपवला नाही, तोच गोष्टीचा विषय केला.

अडचण खरी होती. मालिकेचा नायक ‘डॉक्टर’, म्हणजे यानातून काळ-अवकाशात फिरणारा परग्रहवासी, साकारणारे विल्यम हार्टनेल तेव्हा ५८ वर्षांचे होते. धमन्या कठीण होण्याच्या विकारामुळे त्यांना संवाद लक्षात ठेवणे जड जाऊ लागले होते. त्या काळी सुमारे २५ मिनिटांचा भाग दर आठवड्याला एकाच संध्याकाळी, बराचसा सलग चित्रित व्हायचा. टेप जोडायची तर ती प्रत्यक्ष कापावी लागे, म्हणून मध्येच थांबणे महागात पडे. अशा पद्धतीत मुख्य नट अडखळला की सगळी संध्याकाळ अडखळते. आधीचे निर्माते जॉन वाइल्स यांनी त्याच वर्षीच्या ‘द सेलेस्टियल टॉयमेकर’ या कथेत एक वाट सुचवली होती: खलनायक डॉक्टरला अदृश्य करतो, तर परत दिसताना त्याला वेगळाच चेहरा द्यायचा. ती मान्य झाली नाही, हे आमच्या मते मालिकेचे भाग्य. चेहरा खलनायकाच्या जादूने बदलला असता तर ती युक्ती एकदाच चालली असती. पुढचे निर्माते इनेस लॉइड आणि कथा-संपादक जेरी डेव्हिस यांनी बदल डॉक्टरच्या शरीरातच ठेवला. तो माणूस नाही, झिजलेले शरीर नवे करणे हा त्याचा धर्मच. त्यामुळे ही गोष्ट कितीही वेळा घडू शकते.

‘द टेन्थ प्लॅनेट’ ही चार भागांची कथा ८ ते २९ ऑक्टोबर १९६६ या काळात दाखवली गेली. तिसऱ्या भागाच्या वेळी हार्टनेल आजारी पडले. मग डॉक्टर बेशुद्ध पडतो असे दाखवून त्याचे संवाद इतरांना वाटून दिले गेले. ही तडजोडच चौथ्या भागाला उपयोगी पडली, कारण हे शरीर आता थकले आहे ही गोष्ट प्रेक्षकाने आधीच पाहिली होती.

शेवटचा शॉट जवळून पाहण्यासारखा आहे. डॉक्टर यानात जमिनीवर कोसळतो, चेहरा पांढऱ्या उजेडात विरघळतो, आणि त्या उजेडातून पॅट्रिक ट्राउटन यांचा चेहरा वर येतो. दोन चेहरे नुसते एकमेकांवर मिसळले तर डोळ्यांशी डोळे, हनुवटीशी हनुवटी जुळत नाही आणि दुहेरी, भुतासारखी आकृती दिसते. व्हिजन मिक्सर, म्हणजे कॅमेऱ्यांची चित्रे बदलणाऱ्या-मिसळणाऱ्या तंत्रज्ञ, शर्ली कॉवर्ड यांना मिक्सिंग डेस्कमधला एक बिघाड ठाऊक होता. त्यामुळे चित्र फुलून पांढरे पडायचे. दिग्दर्शक डेरेक मार्टिनस यांनी तोच बिघाड वापरला. नाक-जबड्याची न जुळणारी कड त्या पांढऱ्यात बुडाली, आणि काही सेकंदांत काम झाले. या बदलासाठीचा ‘रीजनरेशन’ (पुनर्निर्मिती) हा शब्द मात्र तेव्हा कुणी उच्चारला नाही. तो मालिकेत १९७४ मध्ये आला.

खरी परीक्षा पुढच्याच आठवड्यात होती. ५ नोव्हेंबरला ‘द पॉवर ऑफ द डॅलेक्स’ ही सहा भागांची कथा सुरू झाली. नव्या डॉक्टरला आरशात जुना चेहरा दिसतो. बेन हा सहप्रवासी त्याला जुन्या डॉक्टरची अंगठी घालून पाहतो, ती बोटात बसत नाही. झाला निकाल, असे बेनला वाटते. फुलपाखरू पंख पसरल्यावर पुन्हा कोशात कसे मावेल, असे डॉक्टर त्याला विचारतो. प्रेक्षकाची शंका बेनच्या तोंडी घालून ती लगेच न मिटवण्यात लेखकाचे धाडस आहे. पुढे त्याला ओळखतो तो एक डॅलेक, म्हणजे यंत्रकवचातला त्याचा जुना शत्रू. मित्रांना न पटलेली ओळख शत्रूला पटते, यापेक्षा चांगला पुरावा पटकथेत सापडणार नाही. पहिल्याच कथेत डॅलेक आणण्यामागे प्रेक्षक टिकवण्याचा हिशेब होताच, पण त्यांना हे काम देणे ही कारागिरी.

त्याच वर्षी आणखी बरेच बदलले. उन्हाळ्यातल्या ‘द वॉर मशिन्स’मध्ये कथा लंडनच्या नव्या पोस्ट ऑफिस टॉवरमध्ये आली आणि टेलिफोनच्या तारांवरून इतर संगणकांना जोडणारा संगणक खलनायक ठरला. डिसेंबरमधल्या ‘द हायलँडर्स’नंतर निव्वळ ऐतिहासिक कथा १९८२ पर्यंत थांबल्या. सायबरमेन, म्हणजे अवयवांच्या जागी यंत्रे बसवलेले खलनायक, हेही याच ऑक्टोबरमधल्या ‘द टेन्थ प्लॅनेट’मधले. नेत्रसंशोधक किट पेडलर यांना प्रश्न पडला होता की एकेक अवयव बदलत गेला तर शेवटी माणूस किती उरेल. पहिल्या सायबरमेनच्या चेहऱ्यावर कापड ताणलेले, छातीवर जड यंत्र, पण हाताचे पंजे उघडे आणि साधे माणसाचे. पुढच्या चकचकीत धातूच्या सूटांपेक्षा ते पंजे जास्त अंगावर येतात.

दुःखाची गोष्ट अशी की ‘द टेन्थ प्लॅनेट’चा चौथा भाग आज उपलब्ध नाही, आणि ‘पॉवर’चे सहाही भाग नाहीत. दोन इंची टेप महाग होत्या, म्हणून पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या १६ मि.मी. फिल्म प्रतीही सत्तरच्या दशकात टाकून दिल्या गेल्या. चेहरा बदलण्याचा तो तुकडा वाचला तो ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात दाखवला गेला म्हणून. २०१३ मध्ये नायजेरियातून नऊ भाग मिळाले, त्यानंतरही ९७ गहाळ होते. आवाज मात्र या सगळ्या भागांचे आहेत. घरच्या स्पूल टेपरेकॉर्डरवर प्रेक्षकांनी ते जपले, आणि त्यांच्याच आधारे २०१३ मध्ये चौथा भाग आणि २०१६ मध्ये ‘पॉवर’ अॅनिमेशनने पुन्हा उभे राहिले.

आता आपल्याकडे पाहू. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आपल्याच पुण्यात लॉ कॉलेज रोडवर आहे. तरी घराघरांतल्या माळ्यावरचे स्पूल आणि रिळे कुणाच्याच यादीत नसतात. त्यात नाटकांचे प्रयोग आणि आकाशवाणीवरची भाषणे असू शकतात. म्हणून थोडे कामाचे. स्पूल उजेडासमोर धरा. आरपार उजेड दिसला तर टेप अॅसिटेटची, म्हणजे ठिसूळ, झटका बसला की तुटणारी. फिल्मच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास आला तर ती इतर रिळांपासून वेगळी करा, कारण ती आम्लाची वाफ शेजारच्या फिल्मलाही खराब करते. हवाबंद पिशवीत ठेवू नका, वाफ आतच कोंडते. पावसाळ्यात बुरशीचा पांढरा थर धरलेली कॅसेट ‘बघू तरी चालते का’ म्हणून लावू नका. बुरशी यंत्राच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) जाते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटवरही बसते. आधी ती कोरडी करून साफ करून घ्यावी. वाजवताना तिची नवी प्रत पहिल्याच फेरीत ध्वनिमुद्रित करून घ्या. जुन्या टेपचा ऑक्साइडचा थर सुटत असेल तर दुसरी फेरी मिळत नाही.

— एक वाचक, कोथरूड, पुणे