नव्या लॉगिन प्रणालीतील त्रुटींबाबत तक्रार आणि परीक्षा अर्ज सुरू होण्याआधी दुरुस्तीची मागणी

प्रति,
प्रकल्प प्रमुख,
एकल लॉगिन व प्रवेश नियंत्रण प्रणाली पुरवठादार कंपनी

विषय: प्रणाली अंतिम स्वीकृतीस पात्र नसल्याबाबत

महोदय,

प्रणालीचे काम पूर्ण झाले असून विद्यापीठाने स्वीकृतीपत्र द्यावे, अशी मागणी आपण केली आहे. आज आहे त्या अवस्थेत ते देता येणार नाही. परीक्षा, ग्रंथालय, वसतिगृह आणि वायफाय यांचे वेगवेगळे पासवर्ड जाऊन एकच राहिला, हे काम झाले आहे आणि ते आम्ही मान्य करतो. मात्र एकच पासवर्ड सगळीकडे चालतो म्हटल्यावर तो भलत्याच्या हाती लागला तर नुकसानही सगळीकडे होते. लॉगिनचे पान नवे झाले, पण आत आल्यावर कोणी काय पाहावे आणि काय बदलावे याचे नियम जुन्याहून ढिले झाले आहेत.

सर्वांत आधी पासवर्डचे स्थलांतर. जुन्या पोर्टलवर पासवर्ड एमडी५ या कालबाह्य पद्धतीने हॅश करून, म्हणजे सांकेतिक रूपात, साठवले होते. त्यांतून मूळ पासवर्ड थेट काढता येत नाही, म्हणून आपण सर्व खाती जन्मतारखेच्या पासवर्डवर आणून ठेवलीत. याची काहीच गरज नव्हती. जुना एमडी५ हॅश जसाच्या तसा बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२आयडी या मजबूत हॅश पद्धतींमधून काढून साठवायचा आणि विद्यार्थी पुढच्या वेळी बरोबर पासवर्डने आत आला की त्याच क्षणी मूळ पासवर्डचा नवा हॅश करून जुना पुसायचा, ही रुळलेली पद्धत आहे. वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

जन्मतारीख ठेवल्याने काय झाले ते पाहा. पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) आणि जन्मतारीख ही जोडी शिष्यवृत्तीच्या अर्जावर असते, प्रवेशाच्या फाइलमधल्या झेरॉक्सवर असते, वर्गातल्या निम्म्या मुलांना एकमेकांची माहीत असते. त्यातच शाळेत नाव घालताना १ जून ही तारीख लिहिण्याची आपल्याकडची जुनी रीत लक्षात घ्या. वयाने मोठे कर्मचारी आणि बहिःस्थ विद्यार्थी यांच्यासाठी केवळ वर्षाचा अंदाज बांधला की पासवर्ड मिळतो. पहिल्या लॉगिननंतर पासवर्ड बदलण्याची सक्ती आहे खरी, पण जो आधी शिरेल त्यालाच ती संधी मिळते. मोबाईल क्रमांक बदलताना जुन्या क्रमांकावर काही विचारलेही जात नाही, म्हणजे खाते कायमचे त्याचे.

याच १ जूनमुळे दुसरा घोळ झाला. एकाच व्यक्तीची दोन खाती जोडण्यासाठी आपण नाव आणि जन्मतारीख जुळवलीत. संलग्न महाविद्यालयात शिकवणारा आणि विद्यापीठात पीएचडी करणारा प्राध्यापक ही एकच व्यक्ती आहे, हे प्रणालीला कळलेच पाहिजे. पण आडनाव, नाव आणि १ जून जुळले म्हणून दोन वेगळी माणसे एकत्र होणे ही भयंकर गोष्ट आहे, कारण मग एकाच्या खात्यात दुसऱ्याचे अधिकार येतात. जुळणी आपोआप फक्त सुचवावी. कर्मचारी क्रमांक आणि पीआरएन पाहून शिक्का मारण्याचे काम आस्थापना विभागाच्या माणसाने करावे.

आता मुख्य मुद्दा. शिक्षक, प्राचार्य, लिपिक, विद्यार्थी अशा भूमिका आपण तयार केल्यात आणि प्रत्येकीला मेनू दिलेत. मेनूत गोष्ट दिसत नाही म्हणजे ती करता येत नाही, असे आपल्या रचनेने गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात गुणपत्रिका उघडल्यावर ब्राउझरच्या पत्त्यातला शेवटचा क्रमांक बदलला की दुसऱ्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका उघडते. प्रत्येक मागणीच्या वेळी ‘ही नोंद या व्यक्तीला पाहण्याचा हक्क आहे का’ ही तपासणी सर्व्हरवर झाली पाहिजे. ती ब्राउझरवर सोडता येत नाही. ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१च्या यादीत वेब प्रणालींच्या धोक्यांत पहिला क्रमांक याच दोषाचा आहे, त्यामुळे आपल्या चाचणी पथकाच्या नजरेतून तो सुटावा याचे आम्हाला आश्चर्य वाटते.

भूमिकेला मर्यादाही जोडलेली नाही. ‘शिक्षक’ एवढ्यावर अधिकार ठरत नाही. कोणत्या महाविद्यालयाचा, कोणत्या विषयाचा, कोणत्या सत्राच्या परीक्षेसाठी नेमलेला, हे तिन्ही पाहावे लागते आणि परीक्षा संपली की तो अधिकार आपोआप गळून पडावा लागतो. शिवाय गुण भरणारा आणि ते तपासून कायम करणारा या दोन व्यक्ती वेगळ्या असल्याच पाहिजेत. आपल्या प्रणालीत दोन्ही बटणे एकाच खात्याला मिळू शकतात. ही अट सॉफ्टवेअरमध्येच बांधलेली हवी, परिपत्रक काढून ती पाळली जात नाही.

महाविद्यालयांना दिलेले सामाईक लॉगिनही बंद करा. महाविद्यालयाचा सांकेतांक हे नाव आणि एक पासवर्ड, तो प्राचार्यांकडे, कार्यालयीन अधीक्षकांकडे आणि बहुधा भिंतीवरच्या कागदावरही. उद्या अंतर्गत गुणांत फेरफार झाला तर लॉगमध्ये (प्रणालीने ठेवलेल्या वापराच्या नोंदींत) सांकेतांक दिसेल, माणूस दिसणार नाही. आणि निर्दोष लिपिकालाही आपण ते केले नाही हे सिद्ध करता येणार नाही. प्रत्येकाला स्वतःचे खाते द्या. प्राचार्य रजेवर असतील तर ठरावीक तारखेपर्यंत अधिकार दुसऱ्याकडे सोपवण्याची सोय द्या. तिच्याशिवाय पासवर्ड सांगण्याची सवय सुटणार नाही.

चुकीच्या पासवर्डवरील कुलूप दोन्ही बाजूंनी फसले आहे. एका सार्वजनिक आयपी पत्त्यावरून ५ चुका झाल्या की तो पत्ता अडवला जातो. महाविद्यालयाची अख्खी प्रयोगशाळा बाहेरून एकाच पत्त्याने दिसते, त्यामुळे दोन-तीन मुलांच्या चुकांनी सगळ्यांचेच अर्ज थांबतात. दुसरीकडे खात्यावरचे कुलूप २४ तासांचे आहे. कोणाचा पीआरएन माहीत असला की अर्जाच्या शेवटच्या दिवशी मुद्दाम ५ वेळा चुकीचा पासवर्ड टाकून त्याचे वर्ष धोक्यात आणता येते. अमेरिकेच्या निस्ट या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत सलग चुकांची कमाल मर्यादा १०० आहे. तेवढी सैल ठेवा असे आमचे म्हणणे नाही, पण प्रत्येक चुकीनंतर थांबण्याचा काळ वाढवत न्या, ओळखीच्या उपकरणाला वेगळी मोजणी द्या आणि आयपीची मर्यादा बरीच वर न्या. याच सूचना २०१७ पासून ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असे सांगतात. आपली ३० दिवसांची सक्ती काढून टाका. तिच्यामुळे लोक शेवटचा आकडा बदलतात, बाकी काही होत नाही.

लॉगआउटचा दोष ग्रामीण भागात जास्त बोचतो. अनेक विद्यार्थी अर्ज सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात भरतात. परीक्षा पोर्टलमधून बाहेर पडले तरी एकल लॉगिनचे सत्र मागे चालू राहते, आणि पुढे बसणारा ग्रंथालयाच्या दुव्यावरून त्याच नावाने आत जातो. बाहेर पडताना मूळ सत्रही संपवा, ‘मला लक्षात ठेवा’ ही खूण आधीपासून लावून ठेवू नका आणि विद्यार्थ्यांसाठी निष्क्रियतेची मर्यादा १५ मिनिटे ठेवा.

खाती बंद होण्याचे कामही अर्धवट आहे. आपण दर आठवड्याला घेत असलेल्या सीएसव्ही फाइलमधून नवी नावे चढतात, पण फाइलमधून गळालेले नाव प्रणालीत तसेच राहते. निवृत्त कर्मचारी आणि मुदत संपलेले तासिका तत्त्वावरील प्राध्यापक यांची खाती त्यामुळे जिवंत आहेत. हाताने बंद केले तरी आधी दिलेले टोकन (लॉगिन झाल्याची डिजिटल खूण) ३० दिवस चालते. आस्थापनेच्या नोंदी स्किम २.० या खात्यांची माहिती आपोआप जुळवणाऱ्या मानकाद्वारे थेट जोडा, प्रत्येक कंत्राटी खात्याला अंतिम तारीख सक्तीची करा आणि खाते बंद होताच चालू सत्रे व टोकन रद्द करा.

ओटीपी फक्त एसएमएसवर ठेवला आहे. डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी व्यवस्थेवर) नोंदवलेल्या नमुन्यापेक्षा मजकूर वेगळा गेला की दूरसंचार कंपनी तो अडवते. मजकुरात आपण मागाहून केलेला बदल त्यासाठी तपासा. डोंगराळ तालुक्यांत मुळात रेंजच नसते. ऑथेंटिकेटर ॲपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारा क्रमांक नेटवर्कशिवाय तयार होतो, फोनचे घड्याळ बरोबर असले की झाले. तो पर्याय सर्वांना द्या. गुण कायम करणाऱ्यांना आणि प्रणाली प्रशासकांना मात्र फिडो२ मानकाची भौतिक किल्ली (संगणकाला जोडायचे छोटे सुरक्षा उपकरण) सक्तीची करा, कारण फसव्या पानावर ती चालतच नाही.

वायफायबाबत एक इशारा. सध्याची पीईएपी-एमएसचॅपव्ही२ ही पासवर्डवर चालणारी जोडणी पासवर्डचा एनटी हॅश (विंडोजचा जुना, कमकुवत हॅश) मागते. पासवर्ड फक्त बीक्रिप्टमध्ये गेले की ती बंद पडेल, आणि ती चालावी म्हणून एनटी हॅश शेजारी ठेवला तर सगळी मेहनत वाया जाईल. ईएपी-टीएलएस म्हणजे प्रमाणपत्रावर आधारित जोडणी आधी तयार करा, मगच पुढे जा.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते. आपण ३० दिवसांनी लॉग पुसता. हे तात्काळ थांबवा.

गुणपत्रिकेचा दोष आणि जन्मतारखेचे पासवर्ड यांची दुरुस्ती हे पत्र मिळाल्यापासून ४८ तासांत हवी. तोवर गुणपत्रिकेचे पान आम्ही बंद ठेवत आहोत. सामाईक लॉगिन, कुलूप, लॉगआउट आणि खाती बंद करण्याचे काम परीक्षा अर्ज सुरू होण्याआधी व्हावे. त्यानंतर विद्यापीठ स्वतःच्या पसंतीच्या सर्ट-इनच्या पॅनेलवरील लेखापरीक्षकाकडून तपासणी करून घेईल. त्यात एका खात्यातून दुसऱ्याची एकही नोंद उघडली, तर स्वीकृती मिळणार नाही आणि देयकाचा अंतिम हप्ता राखून ठेवला जाईल. दुरुस्तीचे वेळापत्रक जबाबदार अभियंत्याच्या नावासह लेखी कळवावे.

आपले,
माहिती तंत्रज्ञान कक्ष