फॅक्टर जिल्ह्याच्या गावीही मिळू द्या, रात्रीही मिळू द्या

माननीय आरोग्यमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ यांस

स. न. वि. वि.

हिमोफिलिया म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार; त्याच्या रुग्णाला रक्तस्राव सुरू झाल्यावर शक्यतो 2 तासांच्या आत फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, मिळायला हवा. आणि त्यासाठी इंदूर गाठायचं तर बऱ्हाणपूर तिथून 150 किलोमीटरहून लांब आहे. माझं सगळं म्हणणं या दोन वाक्यांत आलं.

माझा भाचा बऱ्हाणपूरला असतो. त्याला हिमोफिलिया ए आहे, तोही तीव्र. रक्त गोठवणारा फॅक्टर 8 त्याच्या रक्तात 1 टक्क्याहूनही कमी. लोक विचारतात, खरचटलं तर काय करता? खरचटण्याची आम्हाला एवढी धास्ती नाही. रक्त आत वाहतं, गुडघ्यात, घोट्यात, कोपरात, आणि पुष्कळदा काहीही लागलेलं नसताना. आधी सांध्यात मुंग्या येतात, मग तो गरम होतो, सुजतो, पाय सरळ होत नाही. त्याच सांध्यात पुनःपुन्हा रक्त साचलं की अस्तर सुजतं, कूर्चा झिजते, आणि विशीतच गुडघा निकामी होतो. डोक्यात रक्तस्राव झाला तर जिवावरच बेततं.

एकदा प्रवासात एका जिल्हा रुग्णालयात रात्री जावं लागलं. फॅक्टर सकाळी मिळेल म्हणाले. ड्यूटीवरचे डॉक्टर वेदना थांबवायला कमरेत इंजेक्शन द्यायला निघाले, बहिणीने हात धरला. या मुलांना स्नायूत सुई टोचली की तिथेच रक्त साचतं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनही चालत नाही. हे आईला माहीत होतं, म्हणून निभावलं. सुमारे एक तृतीयांश मुलांच्या घराण्यात हा आजार आधी कुणालाच नसतो. तिथल्या आईला कोण सांगणार?

खरं तर रक्तस्रावाची वाटच बघायला नको. फॅक्टर 8 शरीरात साधारण 12 तासांत निम्मा होतो, म्हणून तो आठवड्यातून दोन-तीनदा शिरेतून घेतला तर सांधे वाचतात. एमिसिझुमॅब हे रक्तस्राव टाळणारं दुसरं औषध कातडीखाली टोचतात आणि 4 आठवड्यांतून एकदाही देता येतं. पण ते घेत असतानाही रक्तस्राव झालाच तर फॅक्टर लागतोच.

2016च्या कायद्याने हिमोफिलियाला दिव्यांगत्वात धरलं, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण साहेब, पाय वाकडा झाल्यावर प्रमाणपत्र देण्यापेक्षा तो वाकडा होऊ न देणं सरकारला स्वस्त पडेल, आणि मुलगा शाळेत जाईल.

तेव्हा विनंती अशी, की झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन, खंडवा, बऱ्हाणपूर, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात फॅक्टर 8 आणि (हिमोफिलिया बी असलेल्यांसाठी) फॅक्टर 9 चोवीस तास मिळावा. आईवडिलांना शिरेत सुई लावायला शिकवून काही कुप्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवायला द्याव्यात. आणि ज्या मुलींना पाळीत अतोनात रक्त जातं, त्यांची व्हॉन विलेब्रँड या रक्तस्रावाच्या आजारासाठी तपासणी व्हावी. त्यांना नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवू नये.

येत्या 17 एप्रिलच्या जागतिक हिमोफिलिया दिनाआधी याचा लेखी आदेश निघावा.

आपली,
एक मावशी
रामबाग, इंदूर